काकूची लाईट

आमच्या गल्लीत लाईट कुणी आणली असं आजही कुणाला विचारा, लोक माझ्या काकांचं नाव काढतात. खोटं नाही ते. काकांचं कापडाचं दुकान होतं, चार ओळखी होत्या, आणि वीज ऑफिसचे उंबरे त्यांनी खरोखर झिजवले. खांब आले, तारा आल्या आणि गल्लीतला पहिला बल्ब आमच्या घरात लागला. तो लागला बाहेरच्या खोलीत. मला लिहायचंय ते काकूबद्दल, कारण ती आतल्या खोलीत होती आणि तिचं नाव कुणी काढत नाही.

आईवडील गेल्यावर मला या दोघांनीच वाढवलं. काकू ठेंगणी, मोजकं बोलणारी आणि कामाला वाघ. काका हसतमुख, कुणावर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, निदान राग धरायला जागा मिळाली असती. मला ती जागा शोधायला अर्धं आयुष्य लागलं.

पहिला बल्ब लागला त्या दिवशी काकूनं वायरमनला सहज विचारलं होतं, "इथे चुलीपाशी एक बसेल का हो?" वायरमननं काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "चुलीच्या धुरानं काळा पडेल गं. कशाला वाया घालवायचा?" बल्बाचं तोंड काळं होऊ नये म्हणून एवढी काळजी. त्याच धुरात जी बाई उभी होती तिच्या तोंडाचं काय, हे विचारायचं तिथे कुणाला सुचलं नाही.

मग एकेक करत घर उजळत गेलं. जिन्यात बल्ब आला, दारावर आला, मोरीत आला. बाहेरच्या खोलीत पंखा आला, रेडिओ आला. स्वयंपाकघरात खिळ्याला कंदील होता, तो तिथेच राहिला. पूर्वी अंधार पडला की घर जेवून झोपायचं. आता दुकान उशिरापर्यंत उघडं, नंतर काकांच्या मित्रांचा पत्त्यांचा डाव, त्यात चहाची फर्माईश. विजेनं पुरुषांचा दिवस लांबवला, आणि त्या दिवसामागे काकूची चूल फरफटत गेली. सगळे म्हणायचे, लाईट आल्यापासून किती बरं झालं. कुणाचं, ते सांगत नसत.

एक गोष्ट आठवली की अजून माझं डोकं फिरतं. काकू कंदिलाच्या उजेडात डाळ निवडायची, डोळे बारीक करून, सूप पार नाकाशी धरून. तरी एखादा खडा राहायचाच. काका बाहेर बल्बाखाली जेवायला बसायचे. तो खडा दाताखाली आला की चिमटीत धरून उजेडात उंच करायचे आणि हसत म्हणायचे, "हे बघ, आज पुन्हा रत्न सापडलं." मित्र हसायचे. खाणाऱ्याला खडा दाखवायला घरात वीज होती, निवडणारीला नव्हती.

याहून भारी गंमत पुढेच आहे. त्या काळी वीज सारखी जायची. गेली की बाहेरून हाक यायची, "लाईट गेली, कंदील आणा." घरात पेटता कंदील एकच, काकूचा. काका स्वतःच उठून भिंतीला हात लावत आत यायचे, खिळ्यावरचा कंदील काढायचे आणि घेऊन जायचे. बाहेर डाव पुन्हा सुरू. आत काकू चुलीतल्या निखाऱ्यांवर अदमासानं रांधत राहायची. ज्यांच्याकडे वीज होती त्यांचा अंधार घालवायला, जिच्याकडे कधी नव्हतीच तिचा उजेड काढून न्यायचा. आणि याला आमच्याकडे सोय म्हणत.

एका संध्याकाळी असाच कंदील गेला तेव्हा काकूच्या हातात उकळत्या बटाट्यांचं पातेलं होतं. पाणी ओतायला ती मोरीकडे वळली, पाटाला अडखळली आणि सगळं पाणी पायावर आलं. ती ओरडली नाही. मी ओरडले. काका कंदील घेऊन धावत आले, पाय पाहिला आणि म्हणाले, "अगं, जरा बघून चालायचं ना." बघून. मला आजही हा शब्द ऐकवत नाही.

पायाला पट्टी बांधलेली असतानाच, रेडिओची तार दुरुस्त करायला वायरमन आला. त्यानं विचारलं, "काय झालं वहिनी?"

"लाईट गेली होती."

"पण तुमच्या स्वयंपाकघरात लाईट कुठाय?"

"होती की," काकूनं खिळा दाखवला. "ती यांनी नेली."

वायरमननं त्या खिळ्याकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन काकांना म्हणाला, "साहेब, वायर उरलीय. आत एक पॉइंट काढून देऊ?" काका म्हणाले, "बघू. धूर फार असतो हो आत."

पाय बरा व्हायला वेळ लागला. काकू पुन्हा चुलीपाशी उभी राहिली, तेव्हा तिनं कंदील खिळ्यावर टांगला नाही, स्वतःच्या शेजारी ओट्यावर ठेवला. मला वाटलं, पाय दुखतोय म्हणून.

थोड्याच दिवसांनी भर डावात वीज गेली. बाहेरून हाक आली, "लाईट गेली, कंदील आणा."

काकूनं पोळपाटावरची नजरही न हलवता उत्तर दिलं. "माझी नाही गेली."

मग काका चाचपडत दारात आले. "अगं, माणसं बसलीत बाहेर."

"बसू देत की."

"पानं दिसत नाहीत."

"मला पीठ दिसतंय," काकू म्हणाली आणि डावा हात कंदिलाच्या कडीवर ठेवला. कडी तापलेली असणार, तरी तिनं हात काढला नाही. बाहेर कुणीतरी खिदळलं, "वहिनींची लाईट वेगळ्या कंपनीची दिसतेय." डाव मोडला. मंडळी एकमेकांना धरत जिना उतरून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकांनी वायरमनला बोलावून आणलं. पाय भाजला तेव्हा बोलावला नव्हता. चारचौघांत हसू झालं तेव्हा बोलावला. हे मी काकांना कधी माफ केलं नाही, आणि करणारही नाही.

वायरमननं चुलीच्या वर बल्ब लावला आणि काकूलाच बटण दाबायला सांगितलं. तिनं दाबलं. भिंती वरपासून खालपर्यंत काळ्याकुट्ट होत्या, छतातून काजळीची जाळी लोंबत होती, फळीवरच्या डब्यांचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. काका दारात उभे होते. एवढ्या वर्षांत, पाय भाजला ती संध्याकाळ सोडली तर, ते या खोलीत फक्त कंदील न्यायला आले होते.

"केवढी ही घाण," काका म्हणाले. "तुला दिसत नव्हती का?"

काकूनं हात लांबवला आणि बटण बंद केलं.

"आता तुम्हालाही नाही दिसणार," ती म्हणाली. "जा, बाहेर जाऊन बसा."

काका गेले. त्यांच्या पावलांचा आवाज पार बाहेरच्या खोलीपर्यंत जाईस्तोवर ती अंधारातच थांबली. मग तिनं पुन्हा बटण दाबलं, पदर खोचला आणि डाळ निवडायचं सूप पुढ्यात ओढलं.