मिक्सिंग न झालेली कॅसेट

लग्नाच्या जुन्या व्हिडिओत स्टेजवरच्या गायकाचे ओठ हलतात आणि आवाज मात्र सिनेमातल्या गाण्याचा येतो, हे तुम्हाला कधी खटकलंय का?

मला यंदा फारच खटकलं. बाबांच्या रॉक बँडवर मी आणि माझी मैत्रीण माहितीपट करतोय. चौघेही भिलाईच्या स्टील प्लांटमधले कामगार, कॅम्प-१ वस्तीतले. जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर वाजवायचे, नाहीतर ओळखीच्यांच्या लग्नात. भट्टीवर आणि समतेवर स्वतः रचलेली गाणी, तीही इलेक्ट्रिक गिटारवर. बाबा ड्रमवर. वस्ती त्यांना धिंगाणा पार्टी म्हणायची. गाणारे काका वारले आणि बँड थांबला. कुणी त्यांचं एक गाणंसुद्धा रेकॉर्ड केलं नव्हतं.

लग्नांच्या कॅसेटी मात्र ढीगभर मिळाल्या. पण तेव्हा शूटिंगवाले कॅसेट मिक्सिंग करून द्यायचे. म्हणजे खरा आवाज पुसून वर सिनेमातली गाणी चढवायची. काका घसा ताणून गातायत आणि ऐकू येतोय कुणाचातरी मधाळ गळा. लहानपणापासून मी जयंतीला पत्रकं वाटत आले, आपला आवाज आपणच उठवायचा असं त्यांवर छापलेलं असायचं. आणि इथे तो आवाजच पुसलेला. मी दिवसभर चिडून होते.

बाबा म्हणाले, "मुकी फिल्म कोन पाहीन? बंद करा."

तेवढ्यात नंदिनी नगरच्या एक मावशी पिशवीत स्वतःच्या लग्नाची कॅसेट घेऊन आल्या, त्या लग्नात बँड वाजला होता. "आमची मिक्सिंगले द्याची राहूनच गेली. घरच्यायले शिफ्टमधून फुरसत कुठं होती?"

बाबांनी व्हीसीआर लावला. आधी नुसती खरखर, मग गिटार, आणि मग काका. खरबरीत, किंचित बेसूर, पण भिंत हलवणारा आवाज. दोन ओळी झाल्या आणि शूटिंगवाल्याने कॅमेरा थेट जेवणाच्या पंगतीकडे वळवला. पडद्यावर पुऱ्या, कानात काका.

"अरे भैया, इधर घुमाओ ना," मैत्रीण टीव्हीलाच ओरडली.

"खाऊ दे त्याले. तोही भुकेला असन," बाबा म्हणाले. बोटं टेबलावर ठेका धरून होती. ती मध्येच थांबली. "इथं मी चुकलो होतो, आयका."

खरंच, ड्रम अडखळला. आम्ही हसून लोळलो. बाबा हसले नाहीत. "तुह्या काकानं मले डोळा मारला होता तवा. कॅमेरा पंगतीत होता ना."

कडव्याच्या मध्येच रेकॉर्डिंग तुटलं, पुढे एकदम पाठवणी. मी म्हटलं, "बाबा, उरलेलं तुम्ही गा."

"मले येते. पन माह्या आवाजात नोको. त्याच्याच आवाजात आना."

म्हणून आज घरी गेल्यावर कपाट उघडा. भिलाईतल्या कुठल्याही लग्नाची मिक्सिंग न झालेली कॅसेट सापडली, तर भंगारात टाकू नका, कुणाकडून आवाज साफ करून घेऊ नका. आहे तशी कॅम्प-१ मध्ये आणून द्या. धिंगाणा पार्टीच्या ड्रमवाल्याचं घर कुणीही दाखवेल.