गुणाजी रेडकरचं खासदारांचं मस्टर

गुणाजी रेडकरला स्वतःच्या साडूचं नाव आठवायला वेळ लागायचा. पण देशातल्या कुठल्याही खासदाराचं नाव विचारा. मतदारसंघ, किती मतांनी आला, कोणाला पाडून आला, दिल्लीत कुठे उतरतो, सगळं तो तोंडातली विडी न काढता सांगायचा. लालबागच्या त्याच्या चाळीत याचं कुणाला कौतुक नव्हतं. चाळीत प्रत्येकाला काही ना काही व्यसन होतं. गुणाजीचं हे.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, तोवर त्याचा दिल्लीशी काडीचा संबंध नव्हता. तो मिलच्या साचेखात्यात होता. साचा म्हणजे माग. त्याच्याकडे दोन साचे होते, आणि त्या दोघांपलीकडे जगात काय चाललंय हे त्याला गणपतीत मंडळाच्या देखाव्यावरून कळायचं.

संप लांबला तशी मिलच्या कामगारांची कमिटी बसली आणि खासदारांना पत्रं लिहायचं ठरलं. लिहिली. महिन्याभरात साठेक पत्रं परत आली. कुणी त्या बंगल्यात राहत नव्हता. कुणाचा मतदारसंघच चुकला होता. एक पत्र तर मागच्या निवडणुकीत पडलेल्या माणसाला गेलं होतं, आणि सविस्तर उत्तर काय ते तेवढ्या एकाचंच आलं.

गुणाजीचं टाळकं सटकलं. "अरे, मिलीत एक माणूस साच्यावर दिसला नाय, तर मुकादम अर्ध्या तासात त्याची खोली, गाव, सासुरवाडी सगळं खणून काढतो. हे पाचशे बेचाळीस जण देश चालवतात, आणि ह्यांचा पत्ता कुणाला ठाऊक नाय?"

कमिटीचा चिटणीस गंगाधर हा सूतखात्यातला, त्याच्याबरोबरच मिलीत लागलेला माणूस. तो म्हणाला, "मग काढ ना तू. नायतरी कुठल्या पाळीला जायचंय तुला?"

गंगाधरने टोमणा मारला होता. गुणाजीने तो हुकूम म्हणून घेतला.

खासदारांची माहिती कशी मांडतात हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याला एकच वही माहीत होती, मिलचं हजेरीचं मस्टर. तशीच लांबडी, लाल रेघांची वही त्याने आणली आणि देशाचं साचेखातं मांडलं. प्रत्येक मतदारसंघ म्हणजे एक साचा, प्रत्येक साच्याला नंबर. पुढे खासदाराचं नाव, गाव, पडलेली मतं, पडलेला माणूस, दिल्लीचा पत्ता. शेवटच्या रकान्यात 'स्वभाव'. त्यात 'पत्राला उत्तर देतो', 'फक्त छापील उत्तर देतो' किंवा 'देत नाही' असं यायचं. आसामात मतदानच झालं नव्हतं, तिथल्या बऱ्याचशा साच्यांपुढे त्याने 'बंद' लिहिलं.

माहिती तो रद्दीतून काढायचा. ऐंशीच्या निकालांचे पेपर लालबाग ते भायखळा जेवढ्या रद्दीवाल्यांकडे सापडले तेवढे त्याने उलथेपालथे केले. उरलेलं गिरगावच्या एका लायब्ररीत. तिथे खासदारांची जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती आणि शैलाताई नावाच्या ग्रंथपाल बाई होत्या. गुणाजीचं इंग्रजी दुकानांच्या पाट्यांवर शिकलेलं. बाई वाचायच्या, तो लिहायचा. दर गुरुवारी तीस-चाळीस खासदार व्हायचे.

घरी मालन दहा जणांचे डबे करायची, त्यावर चूल पेटत होती. खोली एक, वह्या आधी एक, मग तीन. ती म्हणायची, "ह्या दिल्लीवाल्यांका ऱ्हवाक जागा आसा. माका पाटो ठेवूक नाय."

"वर्षभरात तो पाटा घेऊन दिल्लीला जाशील, बघ."

"माका नको दिल्ली. तांदूळ आणा."

दोन वर्षं गेली. संप संपला असं कुणी म्हणालं नाही. लोक आपोआप गावी गेले, भाजी विकू लागले, वॉचमन झाले. सरकारने काही मिली ताब्यात घेतल्या. यादी पेपरात आली, त्यात ह्यांची मिल नव्हती. शेजारच्या मिलचं नाव होतं, ह्यांच्या गेटला मात्र कुलूप तसंच. का नाही घेतली? एवढंच कोणीतरी सभागृहात उभं राहून विचारायला हवं होतं. प्रश्न आला की मंत्र्याला फाईल उघडावी लागते, आणि फाईल उघडली तर गेटही उघडेल, असा कमिटीचा हिशेब होता. निवडणूक वर्षाच्या आत येणार होती. त्यानंतर खासदार नवे, पत्ते नवे, आणि ही मिल कोणाच्या लक्षात राहणार? म्हणजे जे काय व्हायचं ते ह्याच अधिवेशनात.

या वेळी गंगाधर स्वतः गुणाजीच्या खोलीत आला आणि मोरीपाशी उभा राहून म्हणाला, "तुझं मस्टर दे."

"मस्टर खोलीबाहेर जाणार नाय. तुमची माणसं इथे बसवा."

चार माणसं तीन दिवस बसली. गुणाजी नंबर पुकारायचा, ती पाकिटावर पत्ता घालायची. मालनने चौघांना पेज घातली आणि दर पाच पाकिटांमागे एकदा नवऱ्याकडे बघितलं. मस्टरवरच्या प्रत्येक चालू साच्याला एकेक पत्र गेलं.

या वेळी पत्त्यावर राहत नाही म्हणून एकही परत आलं नाही. गुणाजी चार दिवस कॉलर ताठ करून फिरला. छापील उत्तरं आली, 'आपल्या भावना समजल्या' अशी. प्रश्न विचारतो असं मात्र कुणी लिहिलं नाही. मग तीनशे सतरा नंबरचं पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमनने हिंदीत लिहिलं होतं, 'पानेवाला मर गया'. म्हणजे ज्याला पत्र, तोच मेला.

गंगाधर ते पाकीट घेऊन नाक्यावर आला. दहा-बारा जण होते. "बघा रे, आपला विद्वान! मेलेल्याला पत्र धाडतो. स्वर्गात अधिवेशन चालू आहे वाटतं?"

"मेलाय ते मला तुझ्या आधी ठाऊक आहे," गुणाजी म्हणाला. "दीड वर्ष झालं. मस्टरवर तारीख टाकलीय."

"मग पत्र कशाला धाडलंस?"

"साचा त्याच्या नावावर आहे. ऑफिस उघडं असेल, माणसं असतील."

"आणि त्याच्या जागी दुसरा कोणी आला असेल ना? पोटनिवडणूक झाली असेल?"

"झाली. आलाय एक. मागच्या पानावर आहे."

"त्याला का नाय धाडलंस?"

"तो बदली आहे. बदलीला नंबर नसतो."

नाक्यावरच्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या प्रत्येकाला हे पटलं होतं. मिलीत कायम माणूस आजारी पडला, गावी गेला, मेला, की त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरता बदली उभा करतात. साच्याचा नंबर त्याच्या नावावर चढत नाही आणि वरिष्ठांशी बोलायचा तर प्रश्नच नसतो. गंगाधरनेसुद्धा डोकं खाजवलं आणि म्हणाला, "हां, ते पण आहे."

हा सगळा कारभार दुसरीकडे कुठे झाला असता तर पहिल्या मिनिटाला कोणीतरी हसलं असतं. इथे गुरुवार उजाडावा लागला.

गुणाजीने शैलाताईंना हे तक्रार म्हणून सांगितलं. गंगाधरला आधी एवढंही कळलं नाही, अशी तक्रार.

शैलाताईंनी चष्मा काढला. "अहो रेडकर, पोटनिवडणुकीतून आलेला खासदारही पूर्ण खासदारच असतो. त्यालाही मतदारांनीच निवडून दिलेलं असतं. प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याला इतरांएवढाच आहे."

"कायम माणसाएवढाच?"

"तिथे कायम कुणीच नसतं."

"बाई, तुम्हाला मिलीतलं कळत नाय, तुम्ही बोलू नका," गुणाजी मोठ्याने म्हणाला. वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. तो मस्टर बगलेत मारून निघाला. गिरगावातून लालबागपर्यंत तो चालत आला, कारण रागात असला की तो बसमध्ये चढत नसे.

वाटेत त्याची मिल लागायची. गेटला कुलूप, आत पिंपळाचं रोप भिंतीतून वर आलेलं. ह्याच गेटवर तो अकरा वर्षं बदली म्हणून उभा राहिला होता. सकाळी सातच्या आत बदली कार्ड हातात धरून यायचं, मुकादम रांगेवरून नजर फिरवायचा, बोट दाखवील तो आत. उरलेले घरी. अकरा वर्षांत त्याला आत कुणी नावाने हाक मारली नव्हती. 'ए बदली' म्हणायचे. त्या वर्षांत त्याला एक जरी माणूस येऊन म्हणाला असता की रेडकर, तुझ्याकडे एक काम आहे, तर त्याने ते जीव तोडून केलं असतं.

त्याने तिथेच मस्टर उघडून मागच्या पानावरची नावं मोजली. मग दोन रस्ते ओलांडून गंगाधरच्या खोलीवर गेला आणि दारातूनच म्हणाला, "अठरा आहेत."

"कोण अठरा?"

"बदली. मागच्या पानावर. अठराच्या अठरा राहिलेत. माझी चूक."

गंगाधर त्याच्याबरोबर वीस वर्षं काम करत होता. हे शेवटचे दोन शब्द त्याने पहिल्यांदाच ऐकले. टोमणा न मारता त्याने उरलेली पाकिटं पुढे केली.

छापील पत्रं संपली होती. गुणाजीने अठराही पत्रं हाताने लिहिली. शैलाताईंनी सांगितलेलं होतं की प्रश्नाची नोटीस बऱ्याच दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे पत्र आठवड्याच्या आत दिल्लीला पोचायला हवं. पुढच्या गुरुवारी तो लायब्ररीत गेला तेव्हा त्याने बाईंच्या टेबलावर मालनच्या हातच्या खापरोळ्यांचा डबा ठेवला. बाईंनी डबा घेतला आणि जाडं पुस्तक उघडलं. माफी एवढीच झाली.

तीनशे सतरावरच्या बदलीचं उत्तर अकराव्या दिवशी आलं. हिंदीत, स्वतःच्या हाताने. आपल्या मतदारसंघाबाहेरून आलेलं हे आपल्याला पहिलंच पत्र आहे, असं त्याने लिहिलं होतं. प्रश्नाची नोटीसही दिली होती.

प्रश्न सभागृहाच्या यादीवर लागला. मंत्र्यांचं लेखी उत्तर आलं, त्याची प्रत त्या भल्या माणसाने धाडली. कमिटी गुणाजीच्या खोलीत जमली. जागा नव्हती म्हणून निम्मे गॅलरीत. प्रत इंग्रजीत होती. शैलाताईंनी खाली मराठी लिहून दिली होती. गंगाधरने मोठ्याने वाचलं: "माहिती गोळा केली जात आहे आणि ती सभागृहापुढे ठेवण्यात येईल."

"पुढे?" कोणीतरी विचारलं.

"पुढे सही."

गुणाजी उठला. "माहिती गोळा करतायत? माहिती? अरे, माझ्याकडे यायचं होतं!" त्याने तीनही वह्या उचलून आपटल्या. मालनने दूध बाजूला घेतलं.

ती माहिती चौऱ्याऐंशीची निवडणूक लागेपर्यंत गोळा होत होती. निवडणुकीत तीनशे सतरावाला पडला. मिल उघडली नाही. गुणाजी परळच्या एका छापखान्यात बांधणीच्या कामाला लागला. दर निवडणुकीनंतर तो तिथून कापून उरलेला कागद आणून नवं मस्टर शिवायचा. पोटनिवडणुकीचं मागचं पान त्याने बंद केलं. जो येईल त्याचं नाव थेट साच्याच्या नंबरापुढे, शाईने. पुढे पुढे उमेदवारांची प्रचारातली पोरं जुनी मतं विचारायला त्याच्याकडे येऊ लागली. तो आधी शिव्या घालायचा, मग आकडे द्यायचा.

मिलीत एक रीत होती. पाळी बदलली, माणूस बदलला, तरी साच्यावरचं अर्धं कापड कापून टाकत नाहीत. येणारा माणूस तिथूनच पुढे विणतो. तीनशे सतरा नंबरच्या साच्यावर त्यानंतर चार खासदार आले. कुठल्या पक्षाचे हे गुणाजीने कधी बघितलं नाही. प्रत्येकाला निकालाच्या आठवड्यात लालबागहून एक पोस्टकार्ड जायचं: तुमच्या साच्यावर आमचं कापड अर्धं आहे, चौऱ्याऐंशी सालापासून माहिती गोळा होते आहे, कुठवर आली ते कळवावे.

चौथ्याने उत्तर दिलं. माहिती मागवली आहे, म्हणाला. गुणाजीने 'स्वभाव'च्या रकान्यात लिहिलं, 'उत्तर देतो'.