सकाळच्या चहाला सांगायची चूक

माझ्या सासऱ्यांनी मला शिकायला 'नाही' म्हटलं होतं.

आज त्यांचा, आमच्या आबांचा, दहावा झाला. सगळे त्यांचं कौतुक करून गेले. मी मात्र ही गोष्ट आधी सांगते, कारण आबांनीही तीच आधी सांगितली असती.

नगरकडच्या कर्जतपासून थोडं आत आमचं गाव. पंच्याण्णव साली लग्न होऊन इथे आले, बारावी पास. दुसऱ्याच दिवशी सकाळी ओट्यावर सगळे चहाला बसलो होतो आणि आबा म्हणाले, "काल माजं एक चुकलं. पाव्हन्यांसमोर बैलाला उगं चाबूक मारला. जू मीच नीट बांदलं नव्हतं."

मला वाटलं, सासरे जरा हे आहेत की काय!

नवऱ्याने हळूच सांगितलं, "रोजचं आहे. सवय होईल."

खरंच रोजचं होतं. सकाळच्या चहाला कालची एक चूक. स्वतःचीच, दुसऱ्याची चालायची नाही. आणि तिच्या पाठोपाठ, आपल्याला काय येत नाही ते.

"काल पारावर लई बोललो. समोरच्याचं ऐकलंच न्हाई."

"औषध दुप्पट फवारलं, मेथी जळाली. बाटलीवरचं इंग्रजी वाचता येत न्हाई मला."

त्या मेथीपायी मी त्यांना एबीसीडी शिकवायला लागले. चौथी शिकलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस. पाटीवर 'एम' काढायचे आणि विचारायचे, "सूनबाई, ह्याला पाय किती?"

मग माझा डी.एड.ला नंबर लागला.

कॉलेज नगरला. दोन वर्षं हॉस्टेल. चार दिवसांत ॲडमिशन घ्यायची, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार.

आबांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, "न्हाई जमायचं. घरचं कोन बघनार?"

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांचं मनगट तेव्हा धरलेलं, भाकरी थापता यायची नाही. आमचे हे साखर कारखान्यात शिफ्टला. यांना विचारलं तर म्हणाले, "आबा म्हणतील तसं." (आताही असंच बोलतात. फक्त आबांच्या जागी मी आले आहे.)

मी 'बरं' म्हणाले आणि आत जाऊन पीठ मळायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कान टवकारून बसले. आज सांगतील.

आबा म्हणाले, "काल शेळीचा दोर सैल बांदला."

त्याच्या पुढच्या सकाळी, "हिरीवरच्या मोटारीचा फ्यूज न बघताच शेजाऱ्यावर संशय घेतला."

माझा नुसता संताप झाला. बारीकसारीक चुका रोज सांगायच्या आणि डोंगराएवढी पोटात ठेवायची? मग हे सगळं चहाबरोबर बिस्किट खाल्ल्यासारखंच झालं की!

तिसऱ्या सकाळी त्यांच्या आधी मीच बोलले.

"आबा, आज माझी चूक सांगू का?"

"सांग की."

"त्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात आणि मी नुसतं 'बरं' म्हणाले. ते माझ्या मनातलं नव्हतं. मला जायचंय, आबा."

आत्याबाई म्हणाल्या, "च्या निवतोय."

आबांनी बशीतला चहा संपवला, टोपी घातली आणि रानात निघून गेले.

दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. आता मला माहेरी पाठवतात की काय, असंही वाटून गेलं. रात्री जेवले आणि लगेच झोपायला गेले.

चौथी सकाळ. शेवटची तारीख.

आबा धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसले होते.

"सुनंला न्हाई म्हनलो," ते म्हणाले. "माज्या भाकरीपायी न्हाई म्हनलो. दोन दिवस बारक्या चुका सांगत बसलो, ही सांगायला तोंड व्हत नव्हतं."

मग माझ्याकडे वळून, "कागदं घे. आठची गाडी हाय."

आत्याबाईंनी विचारलं, "आन भाकरी?"

"मी शिकतो."

आणि शिकले.

शनिवारी मी घरी आले की बघायचे, आबा चुलीपुढे बसलेत, हात कोपरापर्यंत पिठाचे, आणि शेजारी आत्याबाई: "आवो, थापा! मारताय कशाला तिला!"

सकाळच्या चहाला आता भाकरीच असायची. "काल पीठ गार पान्यात मळलं, चिरा पडल्या." "काल तवा तापला नव्हता." दिवाळीच्या सुमारास पहिली भाकरी टम्म फुगली. ती हातावर घेऊन ते आळीत दाखवून आले. खायला मिळेपर्यंत ती गार झाली होती.

सत्त्याण्णवला मी पास झाले. पुढे झेडपीच्या शाळेत लागले.

आबा काही थांबले नाहीत. ठिबक शिकले, एटीएम शिकले. गेल्या महिन्यात व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवायला शिकले. पहिला मलाच पाठवला. त्यात नुसता खोकला होता.

त्या तीन दिवसांत मला त्यांचा जेवढा राग आला, तेवढा आजवर कुणाचा आला नाही. आणि चौथ्या दिवशी आठच्या एसटीत त्यांच्या शेजारी बसले, तेव्हा त्यांच्यावर जेवढा जीव जडला, तेवढाही कुणावर जडला नाही.

ते गेल्यापासून सकाळी चहा होतो. चूक मात्र कुणीच सांगत नव्हतं.

आज नदीवर जायच्या आधी आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतःची चूक कधी सांगितली नव्हती. "तुमचं चालू द्या," म्हणायच्या आणि उठून जायच्या.

आज म्हणाल्या, "गेले त्या दिवशी मला म्हनले, बस जरा माज्यापशी. मी म्हनलं, थांबा, दूध वर आलंय."

मी त्यांचा हात हातात घेतला. चहा तसाच राहिला.

आबा, सकाळच्या चहाचं आम्ही बघतो. तुम्ही या आता.

तुमच्या सुनेचा नमस्कार.