स्टेपनीच्या जागी बॅटरी

देवरूखहून निघायच्या सकाळी मिलिंद, माझा मुलगा, गाडीच्या खिडकीत हात ठेवून उभा राहिला.

"आई, शेवटचं सांगतो. ही गाडी रस्त्यात कुठेही अडली आणि तुला परक्या माणसाकडे मदत मागावी लागली, तर आल्यावर किल्ली माझ्याकडे. गाडी विकायची."

"कबूल. आता हात काढ, काच वर घेत्ये."

कबूल म्हणायला काय जातं? पण कोपऱ्यावर वळले तेव्हा काय कबूल केलं ते कळलं. मी जन्मभर खाणावळ चालवली. हजारो ताटं वाढली आणि त्या उभं राहण्यात गुडघे गेले. एसटीची पायरी आता माझ्याच्याने चढवत नाही. बाजार, बँक, साखरप्याची मैत्रीण, सगळं या गाडीमुळे आहे. गाडी गेली की मी ओसरीवर बसून लोकांच्या गाड्या मोजणार. ते मला मान्य नव्हतं.

गाडी हायब्रिड, तीही जुनी, एका डॉक्टरांकडून घेतलेली. हायब्रिड म्हणजे तिला पेट्रोलचं इंजिन असतं आणि विजेची मोटारही. बॅटरी चालता चालता आपली आपणच भरते, भिंतीवरच्या प्लगशी तिचा संबंध नाही. ती बॅटरी म्हातारी झाली होती. गाडी दिवा दाखवत होती आणि पेट्रोल ढोसत होती. सगळे म्हणाले, भंगारात घाला. एकटा कैलास म्हणाला, "काकू, घेऊन या."

हा कैलास देवरूखजवळ कारखान्यात असताना दोन वर्षं माझ्याकडे जेवलेला. मूळचा कन्नड तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरातला. आता छत्रपती संभाजीनगरात हर्सूलला त्याचं गॅरेज आहे. जुनी बॅटरी काढून तो मोठी बसवतो आणि ती घरच्या प्लगवर चार्ज होते. आरटीओचे सोपस्कार त्यालाच ठाऊक. "गावातल्या गावात पेट्रोलचा थेंब लागनार नाय," असं त्याने फोनवर छातीठोक सांगितलं होतं.

आंबा घाट चढून देशावर आले, पुण्याला भाचीकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी नगर मागे टाकलं. तिथून पुढे रंग बदलतो. हिरवा आधी पिवळा होतो, मग नुसती माती. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. नदीच्या पुलावरून गेले तर खाली पोरं क्रिकेट खेळत होती. पुलावर नदीच्या नावाची पाटी मात्र नव्याने रंगवलेली होती.

शहर लागलं आणि माझी मती गुंग झाली. शिवारात पाणी नाही, पण इमारती अशा उगवलेल्या की कुणी पाट सोडलाय. एका कोऱ्या इमारतीचं नाव 'सरोवर दर्शन', आणि दारात टँकरची रांग! सरोवर म्हणजे हर्सूलचा तलाव. तो पाहिला. तळाला भेगा पडल्या होत्या आणि कडेला म्हशी उगाच उभ्या होत्या. जुन्या माणसांच्या तोंडात गावाचं नाव अजून औरंगाबादच आहे. मी ऐकायला येईल ते म्हणत गेले.

हर्सूलच्या तुरुंगाच्या लांबलचक भिंतीपुढे, एका गल्लीत कैलासचं गॅरेज. वर घर. तो धावत आला, पाया पडला.

"काकू, लई वाळलात."

"तू सुटलायस ते बघ आधी," मी म्हटलं. पोट चांगलं पुढे आलं होतं त्याचं.

त्याच्या बायकोने, सविताने, येसर वाढलं (धान्य-मसाले भाजून दळलेल्या पिठाची झणझणीत आमटी). पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. मी सोलकढीवर वाढलेली, पण खाणावळवालीने हार मानायची नसते. दुसरी वाटी मागून घेतली.

कैलासने मागचं सगळं उघडून गाडीची आतडी बाहेर काढली. बॅटरी मोठी असल्यामुळे ती डिकीच्या खालच्या खळग्यात, स्टेपनीच्या जागी बसणार होती. "स्टेपनी मागच्या शीटवर ठेवा," तो म्हणाला. जाड केबल आणायला आम्ही रिक्षाने औरंगपुऱ्यात गेलो. गल्लीत माणसावर माणूस. दुकानदार पिकल्या दाढीचा, हसरा. केबल कशाला हवी ते ऐकून म्हणाला, "क्या खाला, अब गाडी कू भी मोबाइल के सरका चार्जर लगता?" मी म्हटलं, "लगता. और मेरे कू गुडघे का भी मिलेगा तो दे दो." त्याने मला बसायला स्टूल दिलं आणि चहा मागवला.

दुसऱ्या सकाळी खाली आले तर गाडी अर्धी उघडी आणि गॅरेजचं शटर अर्धं ओढलेलं. कैलास गायब.

"आज पाणी हाय," सविता म्हणाली.

"मग?"

"मग काम नाय."

माझं टाळकंच सटकलं. एवढ्या लांबून आले ती काय पाणी बघायला? आमच्याकडे विहिरीला पाणी असतं म्हणून कुणी दुकान बंद ठेवत नाही. पण तोंड उघडणार इतक्यात गल्लीभर घरं जागी झाली. नळाला आठवड्यातून एकदाच पाणी यायचं. पाइप, पिंप, घागरी, अगदी लोणच्याच्या बरण्याही बाहेर आल्या. प्रत्येक दारात एकेक छोटी मोटार, नळाचं पाणी टाकीत चढवायला. आणि सगळ्यांच्या नजरा पाण्यावर नव्हे, घरातल्या जळत्या दिव्यावर. असं का, ते सविताने सांगितलं. लाइट (वीज) गेली तर मोटार बंद, आणि मोटार बंद तर आठवडाभर बोंब. मी पदर खोचला आणि कळशा द्यायला उभी राहिले. राग कुठल्या कळशीबरोबर गेला ते कळलं नाही.

म्हणूनच कैलासने माझ्या डिकीत प्लग लावायचा एक बोर्ड बसवला. साधा, घरात असतो तसा, जाड पिनेचा.

"हे कशाला मेल्या? मी काय डिकीत इस्त्री करू?"

"राहू द्या, काकू. इथल्या समद्या गाड्यांना लावतो. लाइट गेली तर एक हॉर्सपॉवरची मोटार वढती ही."

"आमच्याकडे नाही लागायची," मी म्हटलं.

गाडी तयार झाली तो दिवस नेमका पुढच्या पाण्याचा. रात्रभर प्लगला लावलेली गाडी सकाळी भरून सज्ज होती. कैलासच्या मते कन्नडचा घाट उतरून परत चढल्याशिवाय काम पुरं नव्हतं, पण पाणी सोडून तो येऊ शकत नव्हता. स्टेपनी गॅरेजच्या कोपऱ्यात होती, तिच्यावर भरलेली पिंपं चढली होती.

"जरा थांबा, पिंपं हलवून देतो."

"रोज कुठे पंक्चर होतं? संध्याकाळपर्यंत येत्ये मी."

गाडी निघाली आणि आवाजच नाही! चावी फिरवून मीच दोनदा पाहिलं, चालू आहे ना. वेरूळ मागे पडलं. उन्हात रस्ता लांबवर चकाकत होता आणि मी सिंहासनावर बसल्यासारखी चालले होते. मिलिंदला मनातल्या मनात चार वाक्यं ऐकवूनही झाली.

कन्नडच्या अलीकडे रस्त्यावर मेंढ्या लागल्या. चांगला मोठा कळप, मागे डोक्यावर बोचकं घेतलेली बाई. इंजिनाचा आवाज ऐकून मेंढ्या बाजूला होतात, हे त्यांना माहीत आणि मलाही. पण माझ्या गाडीला आवाज कुठे होता? एकही मान वळली नाही. मी दचकून गाडी कडेला घातली. तिथे कुंपणाची बाभळीची फांदी पडली होती. फुस्स झालं आणि स्टिअरिंग जड झालं.

उतरून पाहिलं. बोटाएवढा काटा, आणि स्टेपनी हर्सूलला पिंपांखाली.

मी हमसून रडले नाही, एवढंच. मिलिंदचा हात खिडकीत दिसू लागला. कबूल म्हणून बसले होते ना! मनात आलं, कुणाला कळतंय इथे? सांगायचंच नाही. लगेच स्वतःचाच राग आला. खाणावळीत शिळा भात ताजा म्हणून कधी वाढला नाही, आणि आता लेकाला वाढू?

बोचकंवाली बाई जवळ आली. हिराबाई नाव. काळीसावळी, माझ्याच वयाची, पण गुडघे शाबूत.

"कुठलं गाव म्हनायचं, अक्का?"

"कोकणातलं."

"तिकडं पाणी लई म्हनत्यात." ती चाकाकडे पाहून म्हणाली, "बसलं व्हय? जगनला इचारा. त्याच्याकडं फटफटी हाय."

जगन शेताचा मालक. या कळपाच्या मेंढ्या त्याच्या शेतात बसवलेल्या, म्हणजे लेंड्यांचं खत त्याला आणि पाणी मेंढ्यांना. बांधापलीकडेच त्याची विहीर होती. तो विहिरीवर लाकडी पेटीतल्या स्टार्टरपाशी उकिडवा बसला होता आणि वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसा मी घसा साफ केला. "भाऊ, हे चाक कन्नडला नेऊन पंक्चर काढून आणाल का? मला मदत हवी आहे." बोलले एकदाचं.

"आणलं असतं, मावशी. पर म्या हितनं हलत नाय." त्याने विहिरीत बोट दाखवलं. तळाला पाण्याचा काळा गोल होता. "काल दिसभर लाइट नाय. मेंढरं कालपून तहानलेली हायती. लाइट येती अन् दहा मिनिटांत जाती. त्येवढ्यात बटन दाबाय माणूस लागतो."

मागून आलेल्या हिराबाईने पोटाशी धरलेलं एक कोकरू तिची बांगडी चाटत होतं. कोकणातली मी, पाण्याने भरलेल्या गावची, या बाईसमोर पंक्चरचं रडगाणं गात होते.

मग डोक्यात उजेड पडला. "मोटार किती हॉर्सपॉवरची?"

"एकाची. घरगुती."

"अगं बाई! मग उठा की! वायर आणा."

जगनने स्टार्टरची वायर सोडली, नवा तुकडा जोडून बांधावरून आणली आणि पिन डिकीतल्या बोर्डात घातली. जगन माझ्याकडे बघतो, मी बोर्डाकडे. बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग विहिरीत घरघर झाली, पाइप थरथरला, दोनदा थुंकला आणि पाणी हौदात पडलं.

मेंढ्यांना गाडी ऐकू आली नव्हती, पाणी मात्र लगेच आलं. अख्खा कळप हौदावर लोटला. हिराबाई "दमानं, दमानं गं बायांनो," म्हणत काठी आडवी धरून उभी राहिली. डोळे पुसत होती आणि ते कुणापासून लपवतही नव्हती. मीही पुसले.

आता बटणाशी बसायला कुणी नको होतं. जगनने जॅक लावला, खाली दगड सारले, चाक फटफटीवर बांधून कन्नडला गेला. गाडी तीन चाकांवर आणि दगडांवर उभी राहून पाणी ओढत होती. हिराबाईने धपाटे आणि ठेचा काढला. मी माझे पोहे काढले. तिने विचारलं, "अक्का, गाडीतली लाइट सरंल ना? मग घरला कशी जाशील?"

"पेट्रोल आहे," मी म्हटलं. "तुझ्या मेंढ्या पिऊन होऊ देत."

जगन परतला तोवर बॅटरी तळाला गेली होती, आणि विहीरही. चाक बसलं. जगनने पेट्रोलचेही पैसे घेतले नाहीत. घाट राहिला तो राहिला. इंजिन भरभर आवाज करत मी परत फिरले, आणि या खेपेला मेंढ्या शहाण्यासारख्या बाजूला झाल्या.

कैलासने सगळं ऐकून कपाळाला हात लावला. मग स्टेपनी स्वतः मागच्या सीटवर ठेवून पट्ट्याने बांधली. "घाट तुमच्या आंब्याचा उतरवून बघा आता," म्हणाला. आंबा घाट गाडी विनातक्रार उतरली. पण त्याचा आनंद अर्धाच होता, कारण मी घरी काय सांगायचं ते ठरवून बसले होते.

देवरूखला शिरताना शेजारच्यांची टाकी भरून वाहत होती. मी गाडीतूनच ओरडले, "अहो, बंद करा ते! पाणी आहे ते!" ते बघतच राहिले. तसं दर चार दिवसांनी वाहतं आणि मीही आजवर काही बोलले नव्हते. प्रवासातून माणूस काय घेऊन येतो म्हणाल तर मी हा एक वाईट स्वभाव घेऊन आले, वाहतं पाणी आता ऐकवत नाही.

मिलिंद स्वयंपाकघरात होता. मी बसायच्या आधी किल्ली ओट्यावर ठेवली.

"अडले. मदत मागावी लागली. ठरल्याप्रमाणे घे."

आणि सगळं सांगितलं. स्टेपनी का राहिली तेही. त्याने मध्ये एकदाच विचारलं, "सगळ्या मेंढ्यांना पुरलं?"

"पुरलं. कोकरांना शेवटी थोडं कमी पडलं."

त्याने किल्ली उचलली. तो बाहेर गेला. डिकी उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. विकायच्या आधी तपासत असेल, म्हटलं. मी डोळे मिटून बसले.

थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांतून गाडीच्या केबलचं टोक आत आलं, आणि मागून मिलिंदचा आवाज.

"आई, मिक्सरचा प्लग काढ. हिला इथे लावतो."

मी उठले आणि मिक्सरचा प्लग काढला.