विटेखालचा गुलाब

हां, तर विटेपाशी आलो होतो आपण. काल चहा आला आणि वीट तिथंच राहिली.

माझी धाकटी मेहुणी. अख्खं शहर तिला ‘कातरी’ म्हणायचं. एक कातर हातात, दुसरी तोंडात. शहराच्या जुन्या बागेत तीस वर्षं माळीण, आणि दुपारनंतर लोकांच्या घरच्या बागा मांडून द्यायची. आधी बसायची जागा ठरवायची, मग सावली, झाडं सगळ्यात शेवटी. "माणूस कुठं टेकणार ते कळलं की झाड आपली जागा आपणच सांगतं," म्हणायची.

पण एक गुलाब प्रत्येक घरी लावायचीच. जुन्या बागेतल्या गोल वाफ्यातला. वाफा शंभर वर्षांचा आणि ती जात कुठल्याच रोपवाटिकेत मिळत नव्हती. फूल फिकट, बारकं, दिसायला काही नाही. वास मात्र असा, की पोस्टमन पत्र टाकून फाटकातच रेंगाळायचा. गुलाब वाढला की ती त्याची एक फांदी वाकवून मातीत दाबायची, वर वीट ठेवायची आणि मालकाला दम द्यायची, "ही हलवायची नाही. हा जुन्या बागेचा वाटा."

लोक कुरकुरायचे. एवढी देखणी बाग आणि मध्ये वीट! निवृत्त हेडमास्तरीणबाईंनी तर वीट फेकून तिथं चिनीमातीचा बेडूक बसवला. कातरी वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. मी म्हणालो, "अगं, एवढ्या मोठ्या बागेला वाटा कशाला?" तर म्हणे, "भाऊजी, दात होते तेव्हाच कवळीचा विचार केला असतात, तर आज शेंगदाणे खात बसला असतात."

मग आले नवे उद्यान अधिकारी. त्यांना गोल वाफ्याच्या जागी रंगीत फरशी हवी होती, आणि वर फोटो काढायला दिव्यांची अक्षरं. आडवी आली ती जपायच्या जागांची जुनी यादी. तीत लिहिलेलं, वाफ्यात तो गुलाब आहे तोवर हात लावायचा नाही. साहेबांनी कातरीची सुट्टी गाठली आणि वाफा उपटून टाकला.

सोमवारी ही बघते तर नुसती माती.

"वाळला होता," साहेब म्हणाले. "ही जात आता मिळत नाही, म्हणजे वाफा यादीतून गेला. गुरुवारी फरशीवाले येतील."

तिनं कचऱ्यातून एक मूळ उचललं आणि नखानं खरवडलं. आत हिरवं. "वाळलेलं इतकं ओलं असतं होय साहेब?"

"निवृत्तीला आठ महिने राहिलेत ना बाई? मग जपून बोला."

ती तडक आमच्या घरी आली. "भाऊजी, पोती भिजवा आणि चला."

तीन दिवस आम्ही दारोदार. वीट उचलायची, तर खाली फांदीला दाढीसारखी मुळं फुटलेली. कातरीनं ती आईझाडापासून तोडायची आणि ओल्या पोत्यात गुंडाळायची. काही विटांखाली नुसत्या मुंग्या निघाल्या, ते सोडा. लोकांचे चेहरे बघण्यासारखे होते. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही हे सांभाळत होतो?" "तुम्ही कुठले? वीट सांभाळत होती."

हेडमास्तरीणबाई दारातच म्हणाल्या, "माझ्याकडे वीट नाही, माहीत आहे ना?" कातरी गुमान आत गेली, बेडूक उचलला. खाली मुळंच मुळं!

"बेडकानं इमानानं नोकरी केली," ती म्हणाली.

"मग आता तरी बोलशील माझ्याशी?"

"पाण्याची झारी घेऊन गुरुवारी या. बोलू."

गुरुवारी सकाळी फरशीचा ट्रक आला, तेव्हा वाफ्यात एकेचाळीस गुलाब उभे होते. माना टाकलेले, पण उभे. भोवती घरोघरची माणसं झाऱ्या घेऊन, आणि हेडमास्तरीणबाईंच्या काखेत बेडूक. ट्रकवाल्यानं गाडी बंद करून टाकली.

साहेब तणतणत आले. "कोणाच्या परवानगीनं लावलंत हे?"

कातरीनं हातांची माती झटकली.

"उपटायची परवानगी तुम्ही जिथून आणलीत ना साहेब, ते दार दाखवा. लावायचा अर्ज मी तिथंच देते. तोवर जरा बाजूला व्हा, मुळावर पाय पडतोय तुमचा."