शांतवनभाऊचं नाव कुठल्या यादीत?

भिलाईत आमचं मराठी ख्रिस्ती प्रार्थना-मंडळ आहे, जेमतेम अकरा घरांचं. दर शुक्रवारी संध्याकाळी जमतो. गाणी, वचन, प्रार्थना, मग चहा-पोहे. आता यात किस्से कुठून येणार, असं कुणालाही वाटेल. पण चार माणसं देवाच्या नावानं एकत्र बसली की किस्सा आपणहून घडतो! स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यापासून मला दुसरा उद्योगही नाही. ऐकतो आणि घरी येऊन बायकोला सांगतो. ती म्हणते, "तुमी प्रार्थनेले जाता का तमाशा पाह्याले?"

खरं सांगू? दोन्हीला.

*

मंडळाचे पुढारी दोन. साळवे काका रेल्वेतून रिटायर, गायकवाड सर प्लांटच्या सेफ्टी विभागातून. वीस वर्षं यांचा एकच वाद: एकदा मिळालेलं तारण, म्हणजे देवानं पापातून केलेली सुटका, माणूस गमावू शकतो का?

काका म्हणतात, "रिझर्व्हेशन कन्फर्म झालं म्हंजे झालं. टीसी आला तरी घाबरायचं नाही!"

सर म्हणतात, "गेटपास आहे तो. हेल्मेट न घालता दिसला, का जप्त!"

एकदा मी मध्येच विचारलं, "आन वेटिंगवाल्यांचं काय?" दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्या दिवशी दुसऱ्यांदा पोहे मागायची माझी हिंमत झाली नाही.

*

प्रार्थनेच्या शेवटी दोन याद्या वाचायची आमची पद्धत आहे. पहिली आभाराची, म्हणजे ज्यांचं तारण झालं त्यांची. दुसरी विनवणीची, म्हणजे जे वाट चुकले त्यांची. बैठक आळीपाळीनं या दोघा पुढाऱ्यांकडेच; ज्याच्या घरी बैठक, तो वाचतो.

घोळ व्हायचा तो शांतवनभाऊच्या नावाशी. हा रूथबाईचा नवरा, हथखोजच्या एका कारखान्यात फिटर. पूर्वी मंडळात ढोलक वाजवायचा आणि काय वाजवायचा! सहा वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी तापानं गेली. तेव्हापासून तो चर्चला आला नाही, मंडळातही नाही. रूथबाई मात्र एक शुक्रवार चुकवत नाही. मागे भिंतीला टेकून बसते आणि नवऱ्याचं नाव कुठल्या यादीत येतं तेवढं ऐकते.

एक शुक्रवार बैठक पॉवर हाऊसजवळ काकांकडे. तिथं शांतवन आभाराच्या यादीत. पुढचा शुक्रवार नेहरू नगरला सरांकडे. तिथं तो विनवणीच्या यादीत. म्हणजे भला माणूस घरी बसल्या बसल्या एका आठवड्यात तरायचा आणि दुसऱ्या आठवड्यात बुडायचा!

आम्ही हसायचो. रूथबाई हसायची नाही. नेहरू नगर म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. मला ते बघवत नसे, पण तोंड उघडून कधी बोललो नाही, हेही खरं.

*

सर एकदा सिविक सेंटरला गाडी लावत होते. मागून एका ऑटोवाल्यानं जरा टेकवलं. सरांनी त्याच्या तीन पिढ्यांचा शुद्ध हिंदीत उद्धार केला! समोरच आमच्या मंडळाच्या दोन बाया चाट खात उभ्या. शुक्रवारी काका टपूनच बसले होते.

"काय सर, गेटपास जप्त का?"

सर शांतपणे म्हणाले, "तो इमर्जन्सीचा मामला होता. नियमात तेवढी सूट राह्यते."

ही सूट मुलगी गेलेल्या बापाला का नाही, असं रूथबाईनं विचारलं नाही. तिनं फक्त पदर सारखा केला. विचारायला मी होतो ना तिथं? मी चहा पीत होतो.

*

मग पाळी आली काकांची. त्यांचा मुलगा रायपूरला दुसऱ्या पंथात गेला आणि तिथं त्यानं नव्यानं बाप्तिस्मा घेतला. सरांना तर सणच! "काका, पोराचं कन्फर्म तिकीट कॅन्सल झालं का?"

काका गरजले, "कॅन्सल कावून होईन? त्याचं तारण कधी झालंच नव्हतं!"

"पण काका," मी म्हटलं, "मंग पंधरा वर्षं संडे स्कूल कोण शिकवून राह्यला होता?"

"तू चहा घे," काका म्हणाले.

पण काका तत्त्वाचे पक्के. पोराला एक न्याय आणि दुसऱ्याला एक, असं कसं चालेल? जो सोडून गेला, त्याचं कधी झालंच नव्हतं! त्याच शुक्रवारी त्यांनी शांतवनभाऊचं नाव विनवणीच्या यादीत वाचलं. रूथबाईला दोन आठवड्यांतून एक शुक्रवार सुखाचा मिळायचा, तोही गेला.

*

मागच्या महिन्यात शांतवनभाऊला हार्टचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, आता भरवसा नाही. काका, सर आणि मी दवाखान्यात भेटायला गेलो. रूथबाई बाहेरच्या बाकड्यावर बसली होती.

सर हळूच म्हणाले, "बाई, शुद्धीवर आहे तवरक आमी त्याच्याकडून विश्वासाची कबुली घेतो. म्हंजे नाव आभाराच्या यादीत घेता येईन."

"आन नाही देली तं?"

काकांनी मान खाली घातली. "मंग कठीण आहे, बाई."

रूथबाई उठून उभी राहिली. "मंग माझं बी नाव त्या यादीतून काढा. ते जिकडं जातीन तिकडं मले त्याईच्यासंगं जाऊ द्या. पोरगी एकटी गेली, ह्याईले एकटं नाही पाठवत मी."

"असं होत नसते, बाई!" दोघं एकदम ओरडले. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं!

सर म्हणाले, "कोनाच्या सांगण्यानं नाव निघत नाही."

काका म्हणाले, "ते देवाच्या हाती. मानसाच्या हाती नाही ते."

रूथबाईनं आधी सरांकडे पाहिलं, मग काकांकडे.

"मंग ह्याईचं कोनं काढलं?"