पहिल्या ओळीतले व्याही

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक. लग्न झालेल्या लेकी नवऱ्याला घेऊन माहेरी येतात आणि त्यांना अडवायचं कुठल्या सासऱ्याच्या मनातही येत नाही. माझी लेक मात्र मी नाटकात उतरल्यापासून मंडईला आलेली नाही. तिला पाठवत नाहीत.

माझा नवरा उभा जन्म मंडईच्या नाटकांत काम करत आला. शेती केली, धानाचा व्यापार केला, पण गावात त्याची ओळख राजाची भूमिका करणारा म्हणून. त्याचं पाठांतर मी घ्यायची, एका हाताने भात ढवळत आणि दुसऱ्या हातात नाटकाचं पुस्तक धरून. त्याचे जरीचे डगले मीच उन्हात घालायची आणि तालमीला आलेल्या मंडळींचा चहाही मीच करायची. लेकीचं लग्नसुद्धा त्या नाटकामुळेच जमलं. व्याह्यांनी मंडईत त्याचं काम पाहिलं आणि सकाळीच मागणी घातली. कलावंताचं घर आहे, असं तेव्हा म्हणाले होते.

मी अंगणवाडीतून निवृत्त झाले, तोवर गुडघ्यांपायी नवऱ्याने नाटक सोडलं होतं. बाहेरून येणाऱ्या नट्या म्हातारीची भूमिका घेत नाहीत, म्हणून दिग्दर्शकाने मला आईचं काम करता का विचारलं. मी लगेच हो म्हटलं. पांढरं लुगडं, केसांना पावडर, एवढाच माझा शृंगार. सानगडीच्या प्रयोगात पहिल्यांदा उभी राहिले आणि वाटलं, हे सुख या माणसाने इतकी वर्षं एकट्यानेच खाल्लं.

घरी आले तर तो तोंड फिरवून बसलेला. म्हणाला, "म्हातारपणी तोंडाले रंग लावून उभं राहाले तुले लाज नाही वाटत? पोरीच्या घरचे इवाई काय म्हणतीन?"

"तुमी लावत होते तवा काय म्हणत होते?" मी विचारलं. त्यावर तो माझ्याशी बोलेनासा झाला. आजही ताट वाढून मी समोरून उठले की मगच जेवतो.

यंदा आमच्याच गावच्या मंडईत माझं काम होतं. या वेळी तरी येईल म्हणून लेकीसाठी चिन्नोर तांदूळ निवडून ठेवला होता. पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर पहिल्या ओळीत खुर्च्यांवर व्याही, विहीणबाई आणि जावई. मानाने बसलेले. लेक नव्हती. त्या रात्री मी रडले ते सगळ्यांना फार आवडलं.

सकाळी तिघं चहाला आले. व्याही बशी तोंडाला लावत म्हणाले, "इहीनबाई, काल तं रडवलं तुमी आमाले."

"पोरीले काहून नाही आणलं?"

"तिले कशी आणाची? तिची माय नाटकात हाय म्हून आमच्या गावात लोक बोलून राहिले. घरच्या सुनेले तिथं कशी बसवाव?"

त्यांची स्वतःची बायको तिथे बसली होती, टाळ्या वाजवत होती. तिने मान खाली घातली. माझा नवरा म्हणाला, "बराबर आहे तुमचं," आणि त्यांच्यापुढे चिवडा सरकवला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी व्याह्यांच्या हातातली बशी काढून घेतली आणि म्हटलं, "मंग तुमी काहून आले? तुमाले लाज नाही वाटली बसाले?" जावयाने गाडीची किल्ली उचलली.

दुपारी लेकीचा फोन आला. मला वाटलं, आता ही तरी माझ्या बाजूने बोलेल. ती म्हणाली, "सोडून दे ना व माय नाटक. माह्यासाठी सोड. मले घरी यावं वाटते."

मी तिला विचारलं, "तुह्या बापाले कधी म्हटली अशी?"

आणि मी फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात वरठीला प्रयोग आहे आणि मी जाणार आहे. लेकीवाचून घर खायला उठतं, पण तिच्यावरचा माझा रागही गेलेला नाही.